काटा बरोबर, ओझं कललेलं

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या तळावर वजनकाटा झाडाला टांगलेला असतो. अमेरिकेतल्या वायोमिंगच्या ब्रिजर-टेटन राष्ट्रीय वनात एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाणाऱ्यांचं सामान मी ओझ्याच्या घोड्यांवर चढवतो. एका घोड्यावर 68 किलोंच्या आसपास, त्याहून जास्त नाही. दोन्ही कंठाळ्या, म्हणजे खोगिराच्या दोन बाजूंना लटकणाऱ्या सामानाच्या थैल्या, अर्ध्या किलोच्या फरकात बसवायच्या.

त्या दिवशी दोन्हीकडे 31-31 किलो होते. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळला, घोड्याला फेरी मारायला नेलं, आणि शंभर पावलांत खोगीर डावीकडे फिरलं. तंग पुन्हा आवळून पाहिला, तरी तेच. कंठाळी उघडली तेव्हा कळलं: बिडाची भांडी बाहेरच्या कडेला आणि पीठ, तांदूळ घोड्याच्या अंगाला. वजन सारखं असलं तरी जड वस्तू पाठीपासून लांब गेली की ती बाजू खाली ओढते. जड सामान तळाशी आणि घोड्याच्या अंगालगत, हलकं वर आणि बाहेर. भांडी आत घेतल्यावर काट्यावर तेच 31, पण खोगीर जागचं हललं नाही. चढावर हे झालं असतं तर पाठ सोलून निघाली असती आणि एक जनावर तिथेच बाद. (तंग तसाही पहिल्या पंधरा-वीस मिनिटांनी परत आवळावा लागतो, घोडी पोट फुगवून उभी राहतात.)

बंदुकीचं म्यान रिकिबीच्या पट्ट्याखाली येतं, तिथे घडी राहिली तर घासतं. नळीत गोळी नको, आणि उतरल्यावर आधी बंदूक काढायची, कारण घोडं लोळतं.

चारा तणाचं बी नसल्याचा दाखला असलेलाच लागतो. ग्रिझली अस्वलांच्या भागात अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीत, नाहीतर 10 फूट उंच आणि खोडापासून 4 फूट दूर टांगलेलं.

परतीचा हिशोब आधीच करावा. मोठ्या नराची हाडासकट एक मागची तंगडी 30 किलोंच्या घरात जाते, म्हणजे एका एल्कला दोन घोडी धरायची. रक्ताचा वास नवख्या घोड्याला सोसत नाही, म्हणून जुनं कातडं आठवडाभर आधीपासून खुंट्याजवळ टांगतो. त्या दिवशीही ते टांगलेलं होतं. त्याच्याकडे कान टवकारून पाहणारं तांबडं घोडं मी मांस वाहणाऱ्या घोड्यांच्या यादीतून काढलं आणि त्याच्यावर तंबू चढवला.