काळी चार की पांढरी सहा?

इंदूरला रामबाग भागात मी जुन्या स्पूल (रिळावरच्या ध्वनिफिती), कॅसेट आणि तबकड्यांवरचा आवाज संगणकावर उतरवून साफ करण्याचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात एक काकू पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यात त्यांच्या आईने घरच्या भजनात गायलेली भैरवी होती. मूळ स्पूल बुरशीने केव्हाच निकामी झाली होती आणि ती वाया जाण्यापूर्वी कोणीतरी उतरवून दिलेली फाइल तेवढी उरली होती. "भाऊ, शब्द आईचे आहेत, हरकती आईच्या आहेत, पण आवाज तिचा वाटत नाही. ती अशी चिरकी कधी गायली नाही," असे त्या म्हणाल्या. घरच्यांना हा वयाचा परिणाम वाटत होता. मला मात्र त्यांचे म्हणणे तपासून पाहण्याजोगे वाटले, कारण लहानपणापासून रोज ऐकलेल्या आवाजाची ओळख सहजासहजी पुसली जात नाही.

गाण्याची लय आणि पट्टी, म्हणजे आधारस्वर, सांगणाऱ्या सॉफ्टवेअरने त्या फाइलवर मिनिटाला 148 ठोके आणि डी मायनर ही पाश्चात्त्य पट्टी असे उत्तर दिले. ठोक्यांचा उलगडा लगेच झाला, कारण तबल्यावर भजनी ठेका होता आणि सॉफ्टवेअर दोन मात्रांमधला बोलही स्वतंत्र ठोका म्हणून मोजत होते. हाताने टाळी देऊन पाहिल्यावर मिनिटाला 74 मात्रा भरल्या. (याच इंदूरचे गायक उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ, झूमरा ताल अशा सॉफ्टवेअरपुढे ठेवला तर ते सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोठून शोधणार, हा प्रश्न मला नेहमी पडतो.) पट्टीची गोष्ट अधिक रंजक होती. असे सॉफ्टवेअर बहुधा बारा स्वरांपैकी कोणते किती वाजले ते मोजून पाश्चात्त्य संगीतातल्या मेजर-मायनरच्या चोवीस साच्यांपैकी जवळचा साचा निवडते. त्यात भैरवीसाठी जागाच नाही. हार्मोनियमच्या पांढरी सहा या पट्टीला षड्ज, म्हणजे आधाराचा 'सा', धरला, तर भैरवीचे सात स्वर आणि डी मायनरचे सात स्वर एकच होतात. म्हणून सॉफ्टवेअरने भैरवीच्या मध्यमालाच, म्हणजे 'म' या स्वरालाच, षड्ज ठरवले होते. हार्मोनियमचा धरलेला सूर आणि प्रत्येक ओळीचा विसावा ऐकल्यावर खरा षड्ज 220 हर्ट्झवर, म्हणजे पांढरी सहाला, असल्याचे स्पष्ट झाले.

पण काकूंच्या आईचा आवाज खरोखर त्या पट्टीतला होता का, हे यावरून ठरत नव्हते. ते उत्तर गाण्याखाली दडलेल्या घुमघुमीत मिळाले. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे विजेवर चालणाऱ्या जुन्या यंत्रांचा तेवढ्याच कंपनसंख्येचा हम, म्हणजे सततची घुमघुम, ध्वनिमुद्रणात शिरतो. गायनाच्या मधल्या शांत जागा मोठ्या करून पाहिल्या, तेव्हा पडद्यावर एकाऐवजी दोन रेघा दिसल्या, एक 50 वर आणि दुसरी 53 वर. तशीच जोडी पुढे 100 आणि 106 वर होती. पहिली रेघ स्पूल उतरवणाऱ्या यंत्राची होती आणि दुसरी मूळ मुद्रणाची. मुद्रण करणारे यंत्र, बहुधा सैल पट्ट्यामुळे, हळू फिरले असणार. त्यामुळे योग्य वेगाने वाजवताना सगळेच सहा टक्के जलद झाले, आणि सहा टक्के म्हणजे जवळजवळ नेमका अर्धा स्वर.

त्या काळी विजेची कंपनसंख्याही थोडी खालीवर होत असे, म्हणून केवळ हमवर विसंबणे मला पटत नाही. परंतु 220 ला 1.06 ने भागले की सुमारे 207.5 हर्ट्झ येतात, आणि पांढरी सहाच्या लगत खालच्या काळी चार या पट्टीचा सूर 207.65 हर्ट्झचा असतो. त्या काळच्या घरगुती भजनात हार्मोनियमवर काळी चार धरून गाणाऱ्या बाया काकूंच्या पिढीने पुष्कळ ऐकल्या आहेत. दोन वेगळ्या वाटांनी उत्तर एकाच जागी आल्यावर माझी खात्री पटली.

दुरुस्ती करताना नुसता सूर खाली ओढणे चुकीचे ठरले असते, कारण वेग वाढला की सूर, लय आणि आवाजाचा पोत ही तिन्ही एकत्र सरकतात. चिरकेपणा आला होता तो त्यामुळेच. म्हणून मी संपूर्ण फाइलचाच वेग कमी केला. लय 70 मात्रांवर आली, आणि तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, बारीक होणारा आवाज भरदार झाला.

काकूंनी पहिली ओळ ऐकली आणि "ही आई," एवढेच म्हणाल्या. मी त्यांना दुरुस्त प्रतीबरोबर मूळ फाइलही जशीच्या तशी दिली आणि सोबतच्या कागदावर राग भैरवी, काळी चार, भजनी ठेका, 70 मात्रा आणि वेग किती बदलला तो आकडा लिहिला, म्हणजे पुढे कोणाला माझे गणित तपासायचे झाले तर तपासता येईल.