घोडी बिथरली नव्हती : आमच्या पागेची वाटचाल

पंचवटीतल्या जुन्या मंडळींना आमची पागा ठाऊक आहे. नव्यांसाठी आम्ही नुसते 'वरातीचे घोडेवाले', म्हणून जरा मागून सांगतो. १८८९ साली नाशिक रोड स्टेशनपासून मेन रोडपर्यंत ट्राम सुरू झाली, तेव्हा ती घोडे ओढत. त्या घोड्यांचं दाणापाणी आमच्या पणजोबांकडे होतं. पुढे ट्रामला पेट्रोलचं इंजिन आलं नि पणजोबांनी टांगा घेतला. आजोबांचाही टांगाच. रिक्षांनी टांगे संपवले तेव्हा वडिलांनी घोड्या वरातीला लावल्या. मग मी आलो. बरीच वर्षं बरी गेली, २०१५ चा सिंहस्थ तर फारच चांगला गेला. त्याबद्दल काय लिहायचं? लिहायचंय ते त्या व्हिडिओबद्दल.

गंगापूर रोडला एका लॉन्सवर वरात होती. आमची हंसा उभी होती. ही सारंगखेड्याच्या बाजारातली, दत्तजयंतीला तापीकाठी भरतो त्या. मारवाडी रक्ताची आहे, कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. शेजारच्या लॉन्सवर एलईडीवाला रथ आलेला. मालकाचं नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना कळेल. त्याच्या पोरानं हंसाच्या बरोबर शेपटीमागे कागदी फुलांची तोफ उडवली. हंसा दोन पावलं पुढे झेपावली आणि थांबली. नवरदेवाचा फेटासुद्धा हलला नाही. पण मोबाइलवर फिरला तो व्हिडिओ तोफ उडाल्यानंतरच्या क्षणापासून सुरू होत होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'बिथरलेली घोडी'. जी कार्यालयं वर्षानुवर्षं आमच्याशिवाय कुणाला फोन करत नव्हती, त्यांच्या काउंटरवर त्या लग्नसराईत रथवाल्याची कार्डं दिसू लागली.

तेव्हा मी दारोदार समजावत फिरलो, आता एकदाच लिहून ठेवतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे उभ्या जागी त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं. जिथलं दिसत नाही तिथून धडाका झाला तर हा प्राणी आधी पळतो, काय होतं ते नंतर बघतो. वाघा-लांडग्यांच्या तोंडून हा वंश वाचला तो असाच. शिवाय उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात आलं की त्याच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्या रात्री लेझरचे झोत भिरभिरत होते. एवढं असून हंसा थांबली, कारण पाठीवर माणूस असला की थांबायचं हे आम्ही तिला शिकवलंय. रथाचे घोडे फायबरचे. ते थांबले यात कसलं आलंय कौतुक?

(जाता जाता : घोड्याजवळ जायचं तर खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत जा. मागून जावंच लागलं तर पाठीवर हात ठेवून, अंगाला लागून वळा. लहान मुलांना तर मागे सोडूच नका.)

त्यातून सावरतोय तोच मार्च २०२० उजाडला. लग्नं बंद. रथवाल्यानं रथावर ताडपत्री टाकली, त्याचा खर्च संपला. आमचं तसं नव्हतं. घोड्याचं पोट अंगाच्या मानानं लहान. त्यातलं आम्ल दिवसरात्र झिरपत असतं, म्हणून त्याला थोडं थोडं, पण जवळजवळ दिवसभर खायला लागतं. मोकळा सोडला तर पंधरा-सोळा तास चरेल. नुसतं धान्य वाढवून चारा कमी करावा तर पोटशूळ उठतो, आणि घोड्याला उलटी होतच नाही. गिळलेलं परत वर येत नाही. पोटदुखीनं चांगली जनावरं गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून कडबा, लसूणघास, भिजवलेले हरभरे यांत काटकसर केली नाही. टांग्याचे पितळी दिवे, आजोबांनी रोज चिंचेनं घासलेले, विकले. ते आता कुणाच्या तरी दिवाणखान्यात असतील.

नालबंदालाही येता येईना. घोडा बसून असला म्हणून खूर वाढायचं थांबत नाही, सहा ते आठ आठवड्यांनी तासावंच लागतं. वडिलांची हत्यारं बाहेर काढली. हातभर लांबीची कानस, सांडशी, बारका हातोडा, खूर तासायची वाकडी सुरी. तिची शिसवी मूठ वडिलांच्या अंगठ्यापाशी झिजलेली. नाल काढून टाकले, खूर तासून घोडी अनवाणीच ठेवली. आजकाल ऑनलाइन झगझगीत कानशी मिळतात, घेऊ नका. दोन महिन्यांत दात बोथट होतात. जुन्या बाजारात बघा.

निर्बंध उठले तरी कार्यालयांचे फोन आले नाहीत. आल्या त्या बाई. बाई म्हणजे आमच्या मोठ्या मुलीच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मुलीच्या लग्नातही त्यांनी घोडीला आधी गूळ दिला, मग जावयाला पेढा. म्हणाल्या, "अहो, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गुडघे आणि साखर सोडून विषय नाही. आम्हाला घोडा दाखवा. बसवू नका, नुसता दाखवा." मी म्हटलं, बाई, त्याचे पैसे कसे घ्यायचे? त्या म्हणाल्या, "शाळा फी घेते की नाही?"

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी पागेत खुर्च्या मांडतो. आधी खरारा. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच हंसाच्या खांद्यावरून ब्रश फिरवायचा. आयाळ संपते तिथला उंचवटा खाजवला की ती मान लांब करते, वरचा ओठ थरथरवते. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि त्यानं त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. एरवीही स्वस्थ घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ एवढेच. हे ऐकल्यावर बीपीवाल्या एका आजोबांनी डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपची सोय केली. आता दर गुरुवारी तो गळ्यात घालूनच येतात.

प्रश्नही भारी येतात. घोडा उभ्यानं झोपतो हे खरं का? खरं. मागच्या पायाचा गुडघा त्याला कुलूप घातल्यासारखा अडकवता येतो, स्नायूंना फार कष्ट नाहीत. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेल्यांनी हे ऐकून असा काही सुस्कारा सोडला! पण गाढ, स्वप्नांची झोप हवी तर त्यालाही आडवं व्हावंच लागतं. सगळी मिळून दिवसाची झोप तीनेक तासांची. त्यावर एक आजी म्हणाल्या, "मग माझं काही बिघडलेलं नाही."

योगवर्गवाल्यांना आवडतं ते हे, की घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, नाकच. आणि केस काळे करणाऱ्यांना मी मुद्दाम सांगतो, पांढरे दिसणारे बहुतेक घोडे जन्मतात काळसर किंवा तांबूस, वयानं पांढरे होतात. हंसाही तशीच. वरातीला सगळ्यांना पांढरीच घोडी हवी असते.

बाईंची आवडती गोष्ट हान्सची. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा घोडा खुरानं ठोके देऊन गणितं सोडवी. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं शोधून काढलं की हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की समोरच्या माणसाची मान नकळत किंचित हलायची आणि तो तिथेच थांबायचा. लोक म्हणाले, फसवणूक. बाई म्हणतात, ज्याला माणूस इतका वाचता येतो त्याला गणित हवंय कशाला? चाळीस वर्षं वर्गावर काढलेली बाई, त्यांच्याशी कोण वाद घालणार. पुढे २०१६ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठानं घोड्यांना माणसांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा दिसला की घोडे तो डाव्या डोळ्यानं पाहत आणि ठोके लवकर वाढत. तेव्हा घरी भांडून पागेत येऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो.

बाईंशी आमचं एकाच गोष्टीवरून वाजतं, गुळावरून. हंसाचं वय झालंय, गूळ नको म्हटलं तरी पदराआडून देतात. शेवटी मी गाजरं ठेवायला लागलो. गाजर द्यायचं तर उभं चिरून द्या. गोल चकत्या घशात अडकतात.

आता संघ वाढले, इंदिरानगरचे येतात, सिडकोचे येतात. सारंगखेड्याहून आणखी एक घोडी आणली आहे, स्पीकर लावून तयार करतोय. गेल्या तुळशीच्या लग्नानंतर रथवाल्याचा फोन आला होता. एका पार्टीला रथ नको, खरी घोडी हवी आहे, देता का? दिली. दर त्यालाही तोच सांगितला, फक्त अर्धे पैसे आगाऊ घेतले आणि तोफवाला पोरगा वीस पावलं लांब राहील, असं कागदावर लिहून घेतलं.