नव्वद सेकंद

आमच्या हापूसच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेणारा सर्व्हर मी देवगडात घरच्याच जुन्या कॉम्प्युटरवर चालवतो. लिनक्स, त्यावर नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) लिहिलेला प्रोग्रॅम. लाईट गेली की यूपीएस कॉम्प्युटरला बंद व्हायला सांगतो, पण बॅटरी इतकी म्हातारी की मिनिटभर तग धरली तर नशीब.

मे महिन्यात वळवाच्या वाऱ्यात लाईट गेली. परत आली तेव्हा शेवटच्या सात ऑर्डरी गायब. ऑर्डरी मेमरीत ठेवून दर पाच मिनिटांनी आणि बंद होताना डेटाबेसात लिहायच्या, हा शहाणपणा माझाच.

लाईट असताना सर्व्हर हाताने थांबवून पाहिला. नुसता अडकून बसला, आणि घड्याळ लावून मोजले तर बरोबर नव्वद सेकंदांनी गेला. आकडा इतका गोल म्हणजे कुणाची तरी ठरलेली मुदत. लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू-बंद करणारं सिस्टमडी आधी सिगटर्म हा सिग्नल पाठवतं, म्हणजे 'आवरा आता'. तरी प्रोग्रॅम हलला नाही तर नव्वद सेकंदांनी सिगकिल, म्हणजे सरळ मारणं, आणि तो कुठल्याच प्रोग्रॅमला अडवता येत नाही. लॉगमध्येही मुदत संपल्याने मारल्याची नोंद होती.

आधी संशय एनपीएमवर घेतला, म्हणजे नोडचे प्रोग्रॅम ज्यातून सुरू करता येतात त्या साधनावर. त्याच्यामार्फत सुरू केलेल्या प्रोग्रॅमपर्यंत कधीकधी सिग्नल पोचतच नाही. एक संध्याकाळ त्यात गेली. शेवटी सिग्नल मिळाल्यावर एक ओळ छापायला लावली, तर ती लगेच छापली गेली! मग 'एसएस' या कमांडने उघडी कनेक्शनं पाहिली. एकच होतं, आणि ते मांगरात ब्राउझरमध्ये उघडलेल्या टॅबचं.

मांगरात काकी पेट्या भरते. नवी ऑर्डर आपोआप दिसावी म्हणून मीच ते पान असं केलं होतं की कनेक्शन दिवसभर उघडंच राहतं. नोडचं सर्व्हर-क्लोज, म्हणजे सर्व्हर बंद करायचं फंक्शन, नवीन माणसाला आत घेत नाही, पण आत बसलेला उठेपर्यंत थांबतं. काकीचा टॅब काही उठत नव्हता. आणि ऑर्डरी लिहायचं काम मी क्लोज पूर्ण झाल्यावर ठेवलेलं, म्हणजे कधीच नाही. रिकामी कनेक्शनं बंद करणारं फंक्शन नोड 18.2 पासून आहे, तेही वापरून पाहिलं. उपयोग शून्य, कारण टॅबचं उत्तर अजून चालूच, ते रिकामं मोजत नाहीत.

मग क्रम बदलला. सिग्नल आला की सगळ्यात आधी ऑर्डरी लिहायच्या, त्यानंतर क्लोज, आणि लगेच उघड्या टॅबांची यादी काढून एकेकाचं उत्तर संपवायचं. आधी टॅब सोडवून मागाहून दार लावलं, तर ब्राउझर मधल्या वेळात स्वतःहून परत जोडून घेतो. हे एकदा झालं तेव्हा समजलं. दहा सेकंदांनंतरही कुणी उरलं तर सरळ तोडायचं, आणि सिस्टमडीची मुदत वीस सेकंदांवर आणली.

पुढच्या रविवारी मुद्दाम यूपीएसचा प्लग काढला. प्रोग्रॅम दोन सेकंदांत थांबला, ऑर्डरी जागच्या जागी. तेवढ्यात मांगरातून हाक आली, "ता बंद कशाक केलंस रे?"