तोंडओळख सोडून बाकी सगळी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि एकदाच सगळं लिहून टाकते, कारण दर लग्नात, दर हळदीकुंकवाला तेच चालतं. "समोरून गेलीस आणि ओळखसुद्धा दाखवली नाहीस, एवढा कसला राग गं?" राग नाहीये हो. ओळख दाखवायची तर आधी ती पटावी लागते ना. चेहरा बघून माणूस कोण हे मला कळत नाही. नावं विसरते असं नाही, तुमच्या नातवाचं बारसं कुठल्या हॉलमध्ये झालं आणि जेवणात काय होतं तेही सांगेन, फक्त आत्ता समोर उभ्या आहेत त्या तुम्हीच, हे तोंडावरून जुळत नाही.

मग लगेच पुढचं येतं. नंबर तपासून घे, बदाम खा, लक्ष कुठे असतं तुझं. डोळे चांगले आहेत माझे. तुमच्या नाकाशेजारचा तीळ दिसतो, भुवया दिसतात, पुढचा जरासा वाकडा दात दिसतो. सुटं सुटं सगळं दिसतं, त्याचं माणूस होत नाही. पटत नसेल तर घरातला एखादा ग्रुप फोटो उलटा धरून बघा. नाक डोळे सगळे तिथेच असतात तरी कोण कुठला हे चटकन सांगता येत नाही. 1969 साली रॉबर्ट यिन नावाच्या संशोधकाने हे दाखवलं होतं, की उलटं केल्यावर बाकी वस्तूंपेक्षा चेहरे ओळखताना आपण जास्त चुकतो, आणि पुढे लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की चेहरा आपण तुकड्यातुकड्याने बघत नाही, अख्खा एकदम घेतो. उलट्या फोटोपुढे तुमचं जे होतं ते माझं सरळ चेहऱ्यापुढे होतं असं धरून चाला.

प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात याला. 1947 मध्ये योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने हे नाव दिलं, त्याच्या पेशंटांमध्ये डोक्याला गोळी लागलेला एक तरुण होता, त्याला आरशातला स्वतःचा चेहराही ओळखू येईना. मला गोळी लागलेली नाही की कधी डोक्याला मार लागलेला नाही. माझ्यासारखे लहानपणापासूनच असे असणारे बरेच असतात, शंभरात दोघं असा अंदाज सहसा देतात, म्हणजे मोठ्या लग्नात माझ्यासारखे अजून चारपाच तरी असणार. ते पण कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेले असतील.

मी माणसं ओळखते ती चालीवरून, आवाजावरून, केसांवरून, पदर खोचायच्या लकबीवरून. नवरा गर्दीत एका पायावर भार टाकून उभा राहतो, त्यावरून सापडतो. जागा बदलली, केस कापले, की गेलं सगळं. 2020 मध्ये सगळे मास्क लावून फिरायला लागले आणि लोक आपणहून "अहो, मी तीनशे दोनमधली" असं सांगायला लागले, तेव्हा किती हलकं वाटलं होतं ते कुणाला बोलून दाखवता आलं नाही.

आता ती शाळेची गोष्ट, जी तुमच्यापैकी निम्म्यांना माहितीये, पण चुकीची माहितीये.

मुलगी सिनियर केजीत होती. रोज रिक्षावाले काका घरी सोडायचे, त्या दिवशी ते आले नव्हते म्हणून मी गेले. जूनचा पाऊस, गेटपाशी छत्र्या, सगळी पोरं एकाच युनिफॉर्ममध्ये. सकाळी मीच तिला बदकांचा पिवळा रेनकोट घातला होता, तो दिसला, मी हात धरला आणि निघाले. पोरींनी रेनकोटांची अदलाबदल केली होती. मी धरली ती तिची मैत्रीण होती, ती मला ओळखत होती म्हणून मुकाट्याने आली. माझी मुलगी जांभळा रेनकोट घालून आमच्या मागून चालत होती, हसत, तिला वाटलं आई खेळतेय. गेटबाहेर दहाबारा पावलं गेल्यावर त्या मुलीची आजी ओरडली, ओ ताई, कुठे नेताय तिला? मी वळले तेव्हा माझी हसायची थांबली होती.

सगळे म्हणाले, रेनकोटमुळे झालं, होतं असं. मीही तेच सांगितलं, वर्षानुवर्षं तेच सांगत आले. पण त्या मैत्रिणीची टोपी मागे पडलेली होती. मी खाली वाकून तिच्या कपाळावरचं पाणी माझ्या ओढणीने टिपलं होतं, केस कानामागे सारले होते, तिच्या तोंडाकडे नीट बघितलं होतं. आणि मला ती माझीच वाटली होती. रात्री झोपताना लेक एवढंच म्हणाली, "तू तिच्याकडे बघितलं होतंस." मी गप्प.

तोपर्यंतची मी असं मानायची की परक्यांचं एक असतं, पोटच्या पोराचं वेगळं, आईला सगळं आतूनच कळतं. त्या मला आता काय सांगू? त्याच आठवड्यात लॅपटॉपवर ती टेस्ट दिली, केंब्रिजची म्हणतात ती, 2006 मध्ये आलेली, केस वगैरे कापून नुसते चेहरे दाखवतात, 72 प्रश्न. माझे 38 बरोबर आले. सर्वसाधारण लोकांचे 80 टक्क्यांच्या आसपास येतात. मायेचा आणि याचा काही संबंध नाही हे तेव्हा कागदावर दिसलं, डोक्याला पटलंही. रात्री दोन वाजता अजूनही पटत नाही.

आणि खोटं कशाला बोलू, दोनदा मी ओळखूनही पुढे निघून गेलेय. एकदा भाजी घेताना शेजारचा आवाज शंभर टक्के ओळखीचा होता, आमचं भांडण झालेलं होतं, मी पिशवी उचलली आणि चालू लागले. घरी येऊन स्वतःला म्हटलं, मला कुठे कोण ओळखू येतं. म्हणजे तुमचा संशय दोनदा खरा होता. बाकी शेकडो वेळा नव्हता, पण कुठली वेळ कुठली हे तुम्हाला कसं कळणार, हेही मला कळतं.

लेक आता चौदाची आहे. गर्दीत लांबूनच हात वर करते, "आई, मी." मी कधी सांगितलं नाही तिला असं कर म्हणून. परवा गॅदरिंगला तिचा ग्रुप डान्स होता, सोळा मुली, सगळ्या हिरव्या नऊवारीत, नथ, खोपा, सारखा मेकअप. मेकअपला जाताना वाकून कानात म्हणाली, "डावीकडून तिसरी." पडदा उघडला, मी तिसरीवर नजर लावून बसले, टाळ्या वाजवत होते, आणि दुसऱ्या कडव्याला सगळ्यांनी गोल गिरकी घेतली आणि ओळ बदलली.