त्रिएस्ते: बंदरावरच्या पैशाने उभी राहिलेली नाटकघरं

व्हेनिसहून गाडीत बसलं की दोनेक तासांत इटली संपत येते. स्लोव्हेनियाची हद्द लागण्याआधीचं शेवटचं मोठं बंदर म्हणजे त्रिएस्ते. आपल्याकडची मंडळी व्हेनिसहून फ्लोरेन्स, रोमच्या दिशेने वळतात, त्यामुळे इथे मराठी कानावर पडण्याची शक्यता कमीच. मला मात्र जुनी नाटकघरं बघायचा नाद आहे, आणि त्यासाठी हे गाव फार सोयीचं. सगळं पायी होतं.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. 1382 ते 1918, मधला नेपोलियनचा थोडा काळ सोडला तर, हे शहर ऑस्ट्रियावर राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याच्या ताब्यात होतं. 1719 मध्ये सम्राट सहावा चार्ल्स याने ते मुक्त बंदर जाहीर केलं आणि ग्रीक, सर्ब, ज्यू, जर्मन, स्लोव्हेन असे नाना तऱ्हेचे व्यापारी इथे येऊन बसले. गावातल्या बड्या इमारती राजाने कमी, या लोकांनी जास्त बांधल्या.

पियात्सा उनिता हा मुख्य चौक तीन बाजूंनी इमारतींनी बंद आणि चौथ्या बाजूला सरळ समुद्र. समोर नगरपालिका: जुझेप्पे ब्रुनीने 1875 मध्ये पुरी केलेली, माझ्या मते जरा जास्तच नटवलेली. तिच्या मनोऱ्यावर मिकेझे आणि याकेझे हे ब्राँझचे दोन पुतळे तासाचे टोल देतात. खाली चार खंडांचं कारंजं आहे. चारच, कारण ते अठराव्या शतकाच्या मध्यात उभारलं तेव्हा ऑस्ट्रेलिया युरोपच्या हिशेबात आलेला नव्हता.

मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती लॉइड या जहाज कंपनीच्या इमारतीपुढे. वास्तुकार हाइनरिश फॉन फेर्स्टेल, व्हिएन्नातलं फोटीफकिर्शे हे चर्च ज्याचं, तोच. काम 1883 मध्ये पुरं झालं. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि या ऑस्ट्रियन लॉइडच्या बोटी मुंबईपर्यंत येऊ लागल्या. पुढे इटलीच्या राज्यात कंपनीचं नाव लॉइड त्रिएस्तीनो झालं, तरी मुंबईच्या धक्क्याला तिच्या बोटी लागतच राहिल्या. म्हणजे या देखण्या दगडी भिंतींमध्ये आपल्याकडच्या मालाच्या भाड्याचाही थोडा वाटा असणार. आता तिथे प्रादेशिक सरकारची कचेरी आहे.

चौकाला लागूनच तेआत्रो वेर्दी, म्हणजे इटालियन ऑपेरांचा संगीतकार वेर्दी याच्या नावाचं थिएटर. मिलानचं ला स्काला पाहिलेल्या माणसाला दर्शनी बाजू ओळखीची वाटेल. ती माट्टेओ पेर्च याने केली, आणि पेर्च हा ला स्काला बांधणाऱ्या पिएरमारिनीचा शिष्य. आतली रचना जान अंतोनिओ सेल्वा याची, व्हेनिसचं ला फेनिचे बांधणारा. 21 एप्रिल 1801 रोजी सिमोन मायरच्या ऑपेराने पडदा वर गेला. तेव्हा नाव होतं नवं थिएटर, मग झालं मोठं थिएटर, मग नगरपालिकेचं थिएटर.

वेर्दीचे दोन ऑपेरा पहिल्यांदा इथेच झाले. 1848 मधल्या ‘इल कोर्सारो’ला तो स्वतः फिरकलासुद्धा नाही. 1850 च्या ‘स्टिफेलिओ’ला मात्र आला, आणि सेन्सॉरच्या तावडीत सापडला. कथा एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाची; त्याची बायको दुसऱ्याच्या नादी लागलेली. शेवटी तो चर्चमध्ये बायबल वाचता वाचता तिला सर्वांसमक्ष क्षमा करतो. सेन्सॉरने धर्मोपदेशकाचा साधा वक्ता केला आणि तो शेवट पार मोडून टाकला. वेर्दी खवळला. ज्या प्रसंगासाठी सगळं नाटक रचायचं, तोच काढल्यावर उरतं काय? 27 जानेवारी 1901 रोजी तो मिलानमध्ये वारला आणि त्रिएस्तेने लगेच या थिएटरला त्याचं नाव दिलं. गाव अजून ऑस्ट्रियाचंच होतं. इटलीत जाऊ पाहणाऱ्या इथल्या इटालियन लोकांनी बादशहाच्या नाकावर टिच्चून लावलेली पाटीच ती.

तिथून पाच-सात मिनिटांवर रोमन रंगमंडल. पहिल्या-दुसऱ्या शतकातलं, टेकडीच्या उतारावर बसवलेलं. पूर्वी समुद्र याच्या जवळपास पोचायचा. आज समोर रहदारीचा रस्ता आणि पोलिसांचं मुख्यालय. शेकडो वर्षं यावर घरं उभी होती. खाली थिएटर आहे हे वास्तुकार पिएत्रो नोबिले याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ताडलं होतं, पण ते उकरलं गेलं 1938 मध्ये. फॅसिस्टांना रोमचा वारसा मिरवायचा होता, म्हणून जुनी वस्ती पाडली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसोलिनीने वर सांगितलेल्या चौकात उभं राहून ज्यूंविरुद्धचे वंशभेदी कायदे जाहीर केले. ज्यूंचं भव्य प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, तिथून चालत जाण्याइतकं जवळ. 1912 चं, बेर्लाम पिता-पुत्रांनी बांधलेलं.

1878 चं पोलितेआमा रोसेत्ती हे थिएटर, कॅफे सान मार्को, गावाबाहेरचा मिरामारे हा किल्ला हे सगळं पाहिलंच. कॅफे छान आहे. मिरामारेबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला लिहायचंय ते नारोद्नी दोमबद्दल. हॉटेलात मिळालेल्या नकाशात ते दाखवलेलंसुद्धा नव्हतं. नारोद्नी दोम हे स्लोव्हेन लोकांचं घर. माक्स फाबियानी या स्लोव्हेन प्रदेशातून आलेल्या, व्हिएन्नात ओटो वागनरबरोबर काम केलेल्या वास्तुकाराने 1904 मध्ये पुरं केलेलं. एकाच छपराखाली नाटकाचं सभागृह, बँक, कॅफे आणि हॉटेल. वेर्दीच्या नावाने इटालियन लोक जे करत होते, तेच स्लोव्हेन लोक इथे आपल्या भाषेत करत होते. 13 जुलै 1920 रोजी फॅसिस्टांनी ते जाळलं. इमारतीचा सांगाडा वाचला, सभागृह गेलं.

पुढे तिथे विद्यापीठाचा दुभाष्यांचा आणि अनुवादकांचा अभ्यासक्रम आला. 13 जुलै 2020 रोजी, बरोब्बर शंभर वर्षांनी, इटली आणि स्लोव्हेनियाचे राष्ट्राध्यक्ष इथे आले आणि वास्तू स्लोव्हेन समाजाला परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या. पत्ता वीया फिल्त्सी, रेल्वे स्टेशनपासून चालत जेमतेम दहा मिनिटं. परतीच्या गाडीआधी वेळ मिळाला तर दुकानं सोडा आणि इथे या.