करून शिकायचं, तर मास्तरांनी काय करायचं?

मुलं करून शिकणार असतील तर शिक्षकाचं काम काय, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. शिक्षकांच्या शिबिरात, 'करून शिका' म्हणणाऱ्या अमेरिकेतल्या जॉन ड्यूईंचं नाव निघालं की कोणीतरी विचारतंच, "मुलं आपली आपण करून शिकणार, तर सर, आम्ही नुसतं बघत बसायचं का?"

ड्यूई तत्त्वज्ञ खरे, पण 1896 साली शिकागो विद्यापीठात त्यांनी शाळाही काढली. (हेच पुढे कोलंबियात बाबासाहेबांचे शिक्षक.) तिथल्या कापसाच्या तासाबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय. मुलांपुढे प्रश्न असा, की त्यांचे पूर्वज लोकरीचे कपडे आधी वापरू लागले आणि सुती मागाहून, असं का? उत्तर सांगितलं नाही. हातात बोंडं दिली. मुलं अर्धा तास सरकी काढत बसली आणि रुई निघाली एक औंसही नाही, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या आत! मग तंतू शेजारी ठेवून पाहिले. कापसाचा आखूड आणि गुळगुळीत, लोकरीचा लांब आणि खरखरीत, एकमेकांना धरून राहणारा. सूत कशाचं सहज निघेल हे वेगळं सांगावं लागलं नाही.

मधूनमधून शिक्षक प्रश्न विचारत होते, सुचवत होते, हेही ड्यूईंनी नोंदवलंय. आपण नेमकं तेच वाचायचं विसरतो. मग 'उपक्रम' म्हणजे थर्माकोलचा ज्वालामुखी, तोही रात्री जागून आईने केलेला. 1938 साली तर ड्यूईंनी आपल्याच अनुयायांना बजावलं, की प्रत्येक अनुभवातून शिक्षण होतंच असं नाही. काही अनुभव उलट पुढची वाट अडवतात.

आता हाच कापूस यवतमाळच्या एखाद्या शेतकऱ्याच्या पोरीपुढे ठेवून पाहा. बोंड तिला नवं नाही, तास फुकट जाईल. तिला कदाचित मोंढ्यातली काटापट्टी, म्हणजे माल मोजल्यावर मिळणारी पावती, द्यावी लागेल. भाव कशावर ठरतो, ओलावा किती धरतात, पैसे कुठे कापले जातात ते तिलाच शोधू दे. कोणापुढे काय ठेवायचं हे ठरवायला विषय आणि मूल, दोन्ही पुरते ठाऊक लागतात. व्याख्यान देणं त्यापेक्षा सोपं, हे मी वर्गात उभा राहून सांगतोय.

यावर पुढचा प्रश्न पोर्शनचा. सरकीत अर्धा तास घालवला तर तो संपणार कधी? अहो, सगळे धडे असे घ्यायचेच नाहीत. वर्षात दोन-तीन नीट निवडा. बाकीचे खुशाल फळ्यावर शिकवा, ड्यूईंचं पुस्तकांशी वैर नव्हतं.