साठीनंतर जडलेला अपस्मार

फिट येणे म्हणजे माणूस जमिनीवर कोसळतो, हातपाय झाडतो आणि त्याच्या तोंडाला फेस येतो, एवढीच कल्पना आमच्या घरात होती. त्यामुळे माझा आजार बरेच महिने सर्वांच्या डोळ्यांदेखत असूनही कोणाला ओळखता आला नाही. भाजी निवडताना मी मध्येच थबकत असे, नजर एका जागी खिळत असे, ओठ काही चघळल्यासारखे हलत आणि बोटे पदराशी चाळा करीत राहत. मिनिट-दोन मिनिटांत हे थांबे, पण पुढचा काही वेळ मी गोंधळलेली असे. मला स्वतःला आठवे ते फक्त सुरुवातीला पोटातून काहीतरी वर चढत आल्याचे, आणि त्यासाठी मी पित्ताच्या गोळ्या घेत होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर हिला करमत नाही, म्हणून हिची तंद्री लागते, असा घरातल्यांचा निष्कर्ष होता.

एका पहाटे झोपेत मोठा झटका आला आणि जीभ चावली गेली, तेव्हा आम्ही नाशिकमध्येच मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी मला थोडे आणि ह्यांना पुष्कळ विचारले. रुग्ण मी असताना माझ्याशी कमी बोलणे मला खटकले. पण झटक्यात भानच हरपत असल्याने या आजारात रुग्णाची साक्ष अपुरी असते, आणि शेजारी असलेल्याने काय पाहिले यावर निदान बरेचसे अवलंबून असते, हे त्यांनी समजावून सांगितले. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या जुन्या इजेच्या खुणा दिसल्या. उतारवयात सुरू होणाऱ्या अपस्मारामागे पक्षाघात किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार हे मोठे कारण असते, आणि अनेकांत नेमके कारण सापडतही नाही. पहिला ईईजी मात्र निर्दोष आला. ईईजी केवळ तेवढ्या वेळेपुरती मेंदूतील विद्युत हालचाल टिपतो, त्यामुळे तो निर्दोष आला म्हणून अपस्मार नाही असे ठरत नाही. डॉक्टरांनी ह्यांना पुढच्या वेळी मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगितले, आणि रात्री जागरण करवून दुसरा ईईजी काढला, त्यात कानशिलाकडच्या भागात दोष दिसला. ते चित्रीकरण मी एकदाच पाहिले. त्या बाईच्या चेहऱ्यावर मी कुठेच नव्हते.

औषधांतही हाच अनुभव आला. लेव्हेटिरासिटामने झटके थांबले, पण मी क्षुल्लक गोष्टींवरून भडकू लागले होते. मला तर घरातलेच बदलल्यासारखे वाटत होते. लेकीने ते गोळीशी जोडले आणि डॉक्टरांना कळवले. चिडचिड हा या औषधाचा परिचित दुष्परिणाम आहे. मग लॅमोट्रिजिन सुरू झाले, ज्याची मात्रा अंगावर गंभीर पुरळ उठू नये म्हणून आठवड्या-आठवड्याने सावकाश वाढवावी लागते, आणि तोवर पहिली गोळी कमी करीत न्यावी लागते. हे अदलाबदलीचे दिवस निदानापेक्षा कंटाळवाणे होते.

स्कूटर सोडणे सर्वांत जड गेले. वाहन परवान्यासाठीच्या स्वघोषणेत अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याविषयी थेट प्रश्न असतो, आणि तिथे खोटे लिहिणे मला शक्य नव्हते. न्हाणीघराला आतून कडी लावणे बंद केले, आणि घरात एकटी असताना तळण करीत नाही.

धाकटीचे लग्न जमेपर्यंत बाहेर बोलू नकोस, असा सल्ला एका जवळच्या नातलगांनी दिला. रक्तवाहिन्यांच्या इजेमुळे आईला उतारवयात झालेल्या आजाराचा लेकीच्या लग्नाशी काय संबंध? हिंदू विवाह कायद्यातूनसुद्धा वधू-वरांना अपस्मार नसावा ही अट 1999 मध्ये काढून टाकण्यात आली. नातलगांच्या मनातून ती कधी निघेल, हे सांगता येत नाही. मी उलट केले. योगवर्गातल्या सगळ्याजणींना सांगून ठेवले की मला झटका आलाच, तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, घड्याळ पाहा आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही, तर रुग्णालयात न्या. त्यांतल्या एकीने तिच्या सासऱ्यांच्या ‘विसराळूपणा’ची हकिगत मला बाजूला घेऊन सांगितली, आणि मी तिला आधी एक चित्रीकरण करून घ्यायला सांगितले.